फॉरमॅट मारण्याआधी : घरच्या कॉम्प्युटरची दुखणी

खटपट्या

कॉम्प्युटर स्लो झाला, फॉरमॅट मारा. नेट चालेना, फॉरमॅट मारा. प्रिंटर रुसला, एकदा फॉरमॅट मारून बघू. दुरुस्तीवाल्यांकडे सगळ्यावर हा एकच काढा, विंडोजची जागा पुसायची आणि ते नव्यानं टाकायचं. त्यांचा दोष नाही म्हणा. घरी येऊन दोन तास बिघाड शोधत बसण्याचे पैसे कोणी देत नाही, विंडोज टाकून देण्याचे देतात. पण मशीन आपलं आहे आणि वेळही आपलाच, तेव्हा शोधायचं काम आपण करू शकतो. म्हणून हा धागा.

प्रश्न टाकताना एवढं सांगा : दिवे कोणते लागतात, आवाज कसला येतो, आणि शेवटचं सगळं नीट चाललं त्यानंतर मशीनमध्ये किंवा घरात काय बदललं. नुसतं 'चालत नाही' म्हणालात तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुसरं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम (कामापुरत्या स्मृतीची पट्टी) पुसली, केबल बदलली, ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) टाकला, सगळं एका दमात केलं आणि मशीन चालू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून.

काहीही करण्याआधी एकदा 'रिस्टार्ट' करा. बंद करून चालू नव्हे, रिस्टार्ट. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. ती असली की 'शट डाउन' करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे रात्री अडकलेला ड्रायव्हर सकाळी अडकलेलाच उठतो. खरं वाटत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री मशीन बंद करणाऱ्यांकडेही तिथे पंधरा-वीस दिवसांचा आकडा सापडतो.

कॅबिनेट उघडणार असाल तर बटण बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि मग पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे मदरबोर्डावरचा, आतल्या मुख्य पाटीवरचा, उरलासुरला चार्ज निघून जातो. एसएमपीएसचा, म्हणजे आत वीज पुरवणारा, डबा मात्र कोणीही उघडायचा नाही. त्यातले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतात. त्यावर इथे कोणी प्रयोग सुचवलाच तर प्रतिसाद उडवायला सांगेन.

शेवंता चिपळूण

बरं झालं धागा काढलात. आमचा डेस्कटॉप गणपतीपासून बंद आहे. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, पण डिस्प्ले येत नाही. मॉनिटरवर 'नो सिग्नल' येतं नि तो झोपतो. बदललं काही नाही, फक्त पावसात दोनेक महिने कोणी लावला नव्हता. इथल्या पावसात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तर त्याचं काय घेऊन बसलात!

खटपट्या

शेवंताताई, मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणतोय म्हणजे मॉनिटर जिवंत आहे. आता कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर आत मशीन चालू झालंय, फक्त चित्र पोचत नाही. मग केबल बघायची. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला आहे की चुकून बोर्डाला, तेही बघायचं. दिवा हलतच नसेल तर मशीन त्याच्याही आधी कुठेतरी अडकलंय, आणि कोकणातल्या पावसानंतर माझा पहिला संशय रॅमवर.

शेवंता चिपळूण

दिवा हलत नाही.

खटपट्या

मग रॅम काढा. दोन्ही टोकांच्या चिमट्या बाहेर लोटल्या की पट्टी आपोआप वर येते. काही बोर्डांवर एकाच बाजूला चिमटा असतो, तेव्हा ओढाताण नको. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. दमट हवेनं तिच्यावर मळकट थर चढतो. शाळेतला साधा पांढरा खोडरबर घ्या, शाईचा खरखरीत नको. एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवा, चुरा ब्रशनं झाडा, आणि दातांना बोट लावू नका. स्लॉटमध्ये फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ जाते. पट्टीची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा नि दोन्ही टोकांना दाबा. 'कट' असा आवाज येऊन चिमटा स्वतःहून मिटला पाहिजे. पुष्कळ लोक इथेच अर्धवट दाबून सोडतात.

दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा.

चहाटळ

खोडरबर! एवढी मोठी इंजिनिअरिंग कॉलेजं काढली, आणि शेवटी खोडरबरच.

शेवंता चिपळूण

दोन्ही पुसून लावल्या, काही नाही. मग एकेक करून लावली. पहिल्या स्लॉटात कुठलीही लावली तरी काळोख. दुसऱ्या स्लॉटात कुठलीही लावली तरी चालू!! आमच्या चिरंजीवांनी आधी 'रॅम गेली, नवी मागवतो' म्हणून ऑर्डर टाकली होती, ती रद्द करायला लावली.

खटपट्या

म्हणजे रॅम दोन्ही चांगल्या, बिघाड स्लॉटात. स्लॉट मऊ कोरड्या ब्रशनं झाडून पुन्हा बघा. नाहीच झालं तर सध्या एका पट्टीवर चालवा. आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा तास तरी मशीन चालू ठेवत जा. स्वतःच्या उष्णतेनं ते कोरडं राहतं.

रमतगमत

माझ्याकडे वेगळीच गंमत. रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते. बँकेची साइट उघडत नाही, 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. दुकानदार म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल.

खटपट्या

व्हायरस नाही, सेल संपलाय. मदरबोर्डावर रुपयाएवढा चपटा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीनचा प्लग काढलेला असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो पाच-सात वर्षांनी दमला की भिंतीवरचं बटण बंद केल्यावर घड्याळ थांबतं आणि चालू केल्यावर बोर्ड आपली जन्मजात तारीख दाखवतो.

बँकेच्या साइटचा त्याच्याशी संबंध असा : प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला जुन्या सालात समजतोय, त्यामुळे त्याच्या दृष्टीनं ते प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचंय. म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. तारीख नीट केली की साइट लगेच उघडेल.

सेल घड्याळजीकडे मिळतो. पण काढण्याआधी बायोसमध्ये, बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरून, म्हणजे चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः साटा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतो, तो एएचसीआय आहे की आयडीई, ते. सेल काढल्यावर सेटिंग मूळपदावर जातात. जुन्या बोर्डांवर हा मोड बदलला की विंडोज निळा पडदा दाखवतं आणि लोक पुन्हा म्हणतात, फॉरमॅट मारा.

सिद्धेश्वर पेठ

खटपट्याशेठ, आमच्याकडं कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात बघा. अनवाणी असलं की जास्त. टेस्टर लावला तर बारीक लाल दिसतंय. मित्र म्हणतो एसएमपीएस बदल.

चहाटळ

चप्पल घालून बसायचं. आम्ही दहावीपासून तेच करतोय.

खटपट्या

चहाटळ, हा सल्ला जीव घेणारा आहे, विनोदातही नको.

सिद्धेश्वर, एसएमपीएस बहुधा ठणठणीत आहे, तुमच्या कॅबिनेटपर्यंत अर्थिंग पोचत नाहीये. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात एक छोटा कॅपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तिथून झिरपणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी मध्येच लटकते आणि तिच्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मं व्होल्टेज दिसतं. करंट फार कमी, म्हणून झटका नाही, नुसत्या मुंग्या. नवा एसएमपीएस टाकलात तरी मुंग्या तशाच येणार, कारण त्यातही तोच फिल्टर असतो.

मुंग्या हा त्यातला किरकोळ भाग. खरोखर फेजची तार आत कुठे बॉडीला टेकली, तर करंटला जायला वाट फक्त तुमच्या अंगातून उरते. शिवाय अशा मशीनला टीव्हीची एचडीएमआय केबल चालू असताना लावली की ठिणगी पडून पोर्ट जाऊ शकतं. आधी बघा, थ्री पिनला टू पिनचा अडॅप्टर लावलाय का, आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या मोठ्या भोकात तार तरी आहे का. स्वस्त बोर्डांत पुष्कळदा नुसतं भोकच असतं. त्यापुढचं काम परवानाधारक वायरमनचं. अर्थिंगच्या भोकातून न्यूट्रलला तार जोडून देतो म्हणणारा भेटला तर दारातूनच परत पाठवा.

सिद्धेश्वर पेठ

बोर्ड उघडून बघितला. मोठ्या भोकाला तारच नाय! थेट भिंतीच्या सॉकेटला लावल्यावर मुंग्या गायब. बोर्ड नवीनच होता, लई राग आला.

निळी शाई

लॅपटॉप, सहाव्या पिढीचा आय थ्री, आठ जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क. चालू केल्यावर चहा करून, पिऊन, कप विसळून यावं तोवर गोल फिरतंच असतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. अँटिव्हायरसनं काही सापडलं नाही.

चहाटळ

आता मात्र फॉरमॅट. मी केलं, पळतोय.

खटपट्या

पळणारच. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम नसतात, अपडेट साचलेले नसतात. सहा महिन्यांनी भेटू.

निळी शाई, आधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जा आणि जे रोज लागत नाही ते 'डिसेबल' करा. अँटिव्हायरस आणि टचपॅड सोडून जवळजवळ काहीही बंद करता येतं. पण मूळ दुखणं हार्ड डिस्क आहे. लॅपटॉपमधल्या बहुतेक डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेतात. विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या जागांवरून वाचतं आणि प्रत्येक वेळी डिस्कच्या काट्याला जागेवर पोचायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीला, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कला, फिरणारं काही नाही, तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्साही पुष्कळ. म्हणून जुन्या लॅपटॉपला रॅम वाढवून जे साधत नाही ते एसएसडीनं साधतं.

तुमच्या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी लागेल. यूएसबीला लावायची साटा केबल घ्या, एसएसडी बाहेरून जोडा, क्लोनिंगच्या प्रोग्रॅमनं जुनी डिस्क जशीच्या तशी उतरवा, मग अदलाबदल करा. सगळा डेटा, पासवर्ड, प्रिंटर जागच्या जागी राहतात. फक्त भरलेली जागा एसएसडीत मावली पाहिजे. जुनी डिस्क महिनाभर कपाटात तशीच ठेवा, पुसू नका.

त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम टाकून डिस्कची तब्येत बघा. निळा असेल तर ठीक. पिवळा असेल आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे शून्य नसेल, तर क्लोन वगैरे नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. टकटक असा ठरावीक आवाज येत असेल तर मशीन लगेच बंद. मरणाऱ्या डिस्कवर 'चेक डिस्क' चालवणं हा तिचा जीव लवकर घेण्याचा मार्ग आहे.

निळी शाई

निळा आहे. पण सहाव्या पिढीवर पैसे घालावेत का? विंडोज १० तर संपलं म्हणतात.

खटपट्या

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. मशीन चालायचं थांबत नाही, पण सुरक्षेची ठिगळं मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी मुदतवाढीची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, म्हणजे तुमचं मशीन अधिकृतपणे बसत नाही. आडवाटेनं बसवता येतं, पण बँकेचे व्यवहार करणाऱ्या मशीनवर मी आडवाट सुचवणार नाही. ब्राउझर, पत्रं आणि सिनेमे एवढंच काम असेल तर एसएसडी टाकून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली चालवा. टॅली किंवा सरकारी कामाची डिजिटल सही असेल तर एसएसडीवर खर्च नको, नव्या मशीनसाठी साठवा.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत, आईबाबा नाशिकला. परवा बाबांचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनभर लाल पाटी, भोंगा वाजतोय, बाई इंग्रजीत सांगतेय की तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. बाबा नंबर लिहून घेत होते! मी घाईघाईत सरळ प्लग काढायला सांगितला. बरोबर केलं ना?

खटपट्या

बरोबर केलंत. ती साधी वेबसाइट असते, फक्त पूर्ण पडदा व्यापून बसते. एस्केप थोडा वेळ दाबून धरायचं, मग ऑल्ट आणि एफ ४. तेही नाही तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. पुढच्या वेळी 'मागची पानं परत उघडू का' असं ब्राउझर विचारेल, तिथे नाही म्हणायला बाबांना सांगून ठेवा, नाहीतर बाई परत हजर. कुठलीही कंपनी पडद्यावर फोन नंबर देऊन भोंगा वाजवत नाही. कोणी फोनवर 'हे ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो' म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर भारतात १९३० वर ताबडतोब फोन. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

रमतगमत

सेल बदलला, तारीख टिकली. जाता जाता, नेट गेलं की राउटरच्या मागच्या भोकात पिन खुपसायची का? शेजारी तेच करतात.

खटपट्या

अजिबात नाही. त्या भोकानं राउटर कोरा होतो, नेटवाल्यानं घातलेलं नाव-पासवर्ड पुसलं जातं आणि मग तो येईपर्यंत बसा. फायबरचं कनेक्शन असेल तर एलओएस नावाचा दिवा बघा. तो लाल असेल तर बाहेर केबल तुटलीय किंवा पिवळी वायर वाकलीय, तुमच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नाही.

वसुधा

वाचनमात्र होते, आता राहवत नाही. गेल्या महिन्यात आमच्याकडे फॉरमॅट मारलाच. वडिलांचे लेख डी ड्राइव्हवर होते म्हणून निश्चिंत होते. फाइली आहेत, उघडतात, पण आत मराठी नाही. इंग्रजी अक्षरं, डॉलर, स्वल्पविराम असलं काहीतरी पानभर. दुकानदार म्हणतो फाइली करप्ट झाल्या, काही होणार नाही. वडील आता नाहीत. काही करता येईल का?

खटपट्या

वसुधाताई, घाबरू नका. आणि त्या फाइलींवर 'सेव्ह' दाबू नका.

मजकूर गेलेला नाही, फॉन्ट गेलाय. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे. फाइलीत इंग्रजी खुणाच साठतात, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट राहतात सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात, आणि फॉरमॅटमध्ये तेच पुसलं गेलं. डेस्कटॉप आणि ब्राउझरमधले पासवर्डही सीवरच असतात, हे बाकीच्यांनीही ध्यानात घ्या.

वर्डमध्ये फाइल उघडा, त्या गिचमिडीत कर्सर ठेवा, आणि वर फॉन्टच्या चौकटीत काय नाव दिसतं ते सांगा. फॉन्ट मशीनवर नसला तरी फाइलीला त्याचं नाव आठवत असतं.

वसुधा

'श्री-देव' आणि पुढे चार आकडे.

खटपट्या

मग ती श्रीलिपी, जुन्या मराठी फॉन्टांचं एक सॉफ्टवेअर. वडिलांचे लेख जिथे छापले जायचे त्या छापखान्यात किंवा डीटीपीवाल्याकडे विचारा, किंवा घरात जुनी सीडी शोधा. मंगल हा युनिकोडचा फॉन्ट निवडून उपयोग नाही, मंगलला त्या खुणा इंग्रजीच वाटतात.

वसुधा

वडिलांच्या ओळखीच्या डीटीपीवाल्यांकडे श्रीलिपी अजून आहे! पेनड्राइव्हवर फाइली नेल्या, तिथल्या मशीनवर पहिलाच लेख उघडला आणि शीर्षकासकट सगळं दिसलं. आता हे कायमचं कसं टिकवू? दर वेळी त्यांच्याकडे जाणं बरं दिसत नाही.

खटपट्या

वा! आज तिथेच सगळ्यांच्या पीडीएफ करून घ्या, म्हणजे मजकूर कुठेही वाचता येईल. मग सवडीनं युनिकोडमध्ये रूपांतर. रूपांतरक श्रीलिपीचाच घ्या. कृतिदेव किंवा आकृती अशा दुसऱ्या जुन्या फॉन्टांचा लावलात तर अर्धी अक्षरं बरोबर आणि अर्धी भलतीच येतील, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी.

रूपांतरानंतर दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. एक म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, ती जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. दुसरा रफार, त्याचं याच्या उलट. रूपांतरक अडखळतो तो इथेच, विशेषतः जोडाक्षरावर वेलांटी असेल तेव्हा. 'स्थिती', 'मूर्ती', 'कार्यक्रम' असे शब्द शोधून बघा. पीडीएफ शेजारी उघडी ठेवलीत तर पटापट होईल. मूळ फाइली वेगळ्या फोल्डरात, आणि त्यांची एक प्रत भावंडांपैकी कोणाकडे तरी.

शेवंता चिपळूण

वसुधाताई, तपासायला मदत हवी असेल तर सांगा. निम्मे लेख माझ्याकडे पाठवा. मशीन आता चालू आहे, आणि तुमच्या वडिलांचं लिहिलेलं वाचायलाही मिळेल.